पीट काढणं बंद झालं, मग तळ्यात अजून तपकिरी पाणी का येतंय?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही आयर्लंडमध्ये अ‍ॅथलोनच्या बाजूला, लॉक री या तळ्याजवळ घर घेतलंय, मागे पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा, मातीसारखा थर) काढलेला जुना बॉग (दलदलीची पाणथळ जागा) आहे, तिथलं काम बंद होऊन काही वर्षं झाली, तरी जोराचा पाऊस झाला की चरातून चहासारखं पाणी येतं आणि तळ्याकडे जातं. हे पीट काढल्यामुळेच का, घरच्या बोअरच्या पाण्याची काळजी करावी का, आणि तळेगावला तुमचा भाऊ नर्सरीसाठी लॅटव्हियाची पीट मॉसची पोती मागवतो ते बंद करायला सांगावं का. माझं काम पाण्याचंच आहे आणि त्यातला बराच काळ अशाच चरांमध्ये बाटल्या बुडवण्यात गेलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी थेट उत्तर. हो, बऱ्याच अंशी त्यामुळेच, पण पीट उचलून नेल्यामुळे नाही तर ते उचलता यावं म्हणून जे चर मारले त्यामुळे. हा फरक ऐकायला छोटा वाटतो, पण सगळं प्रकरण त्यातच आहे. पाण्याचं नुकसान पहिलं पोतं भरायच्या कितीतरी आधी सुरू होतं आणि शेवटचा ट्रक गेल्यावरही चालूच राहतं, कारण ट्रक जातात, चर तिथेच असतात.

खाण म्हटली की आपल्या डोळ्यासमोर खड्डा येतो. इथे तसं नसतं. तुमच्याकडच्या पट्ट्यात, म्हणजे ऑफली, वेस्टमीथ, लाँगफर्ड, रॉसकॉमन, हिमयुगानंतर उथळ तळी आणि पाणथळ जागा हळूहळू भरत गेल्या, वर स्फॅग्नम मॉस (दलदलीत वाढणारं, शेवाळासारखं झाड) वाढत गेलं, ते पूर्ण न कुजता खाली दबत गेलं, आणि वर्षाला साधारण १ मिलिमीटर या चालीने पीट साठलं. म्हणजे ८ मीटर जाडी असेल तर ८ हजार वर्षांचा माल. आणि या जिवंत बॉगमध्ये वजनाने ९० टक्क्यांच्या वर नुसतं पाणी असतं, त्यावर मशीन सोडा, माणूस गमबूट घालूनही धड चालू शकत नाही. म्हणून पहिलं काम काय, तर पाणी काढणं. साधारण १५-१५ मीटरवर समांतर चर, लांबच लांब, ते सगळे मोठ्या चरात, मोठा चर गाळ बसायच्या तळ्यात, ज्याला सगळे सिल्ट पाँडच म्हणतात, आणि तिथून नदीत. असं करून बॉग सुकायला ५ ते ७ वर्षं ठेवून द्यायचा. मग उन्हाळ्यात वरचा १०-१५ मिलिमीटरचा थर मशीनने खरवडायचा, दोन-तीन दिवस उलटापालटा करून वाळवायचा, ओळीत लावायचा, उचलायचा, की पुन्हा तेच. सीझनमध्ये असे १२ हात मिळाले तर वर्ष चांगलं गेलं म्हणायचं. बोर्ड ना मोना ही सरकारी कंपनी १९४६ मध्ये या कामासाठीच उभी राहिली, सुमारे ८० हजार हेक्टर जमीन तिच्याकडे आली, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी पीट काढणं कायमचं थांबवल्याचं जाहीर केलं. त्याशिवाय खासगीवाले, आणि घरच्या शेगडीसाठी टर्फ, म्हणजे जळणाचं पीट, काढणारे शेतकरी वेगळेच. त्यामुळे तुमच्या मागचा बॉग नक्की कुणाचा होता यावर आता तिथे काय होणार हे ठरतं, ते एकदा कौन्सिलमध्ये विचारून घ्या.

आता पाणी. बॉगचे दोन थर धरा. वरचा फूटभराचा जिवंत, पोकळ, त्यातून पाणी भरभर सरकतं. खालचा जुना, काळा, घट्ट, त्यातून पाणी इतकं सावकाश जातं की जवळजवळ जातच नाही म्हटलं तरी चालेल. यावरून पुष्कळ वर्षं असं सांगितलं जायचं की चराचा परिणाम दोन्ही बाजूंना काही मीटर, फार तर काही दहा मीटर, त्यापुढे काही होत नाही, म्हणजे कुंपणाच्या पलीकडचा बॉग, फेन (भूजलावर जगणारी पाणथळ जागा), तळं सगळं सुरक्षित. पीटच्या आतल्या आत पाहिलं तर हे चूक नाहीये. पण त्यात दोन गोष्टी सुटतात.

पहिली, पीट बसतं. पाणी काढलं की वरच्या थराचं ओझं खालच्यावर पूर्ण येतं, तो दबतो, शिवाय हवा लागली की पीट कुजायला लागतं आणि कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातं. जमीन खाली गेली की उतार बदलतो, उतार बदलला की पावसाचं पाणी दुसरीकडेच वळतं, आणि कडेपासून लांब, जिथे कुणी फावडं लावलेलं नाही तिथला ओला भाग कोरडा पडायला लागतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, चर जर पीट फोडून खालच्या मातीत, म्हणजे चुनखडीच्या गाळात किंवा हिमनदीने आणलेल्या रेताड मातीत घुसला, तर तो बॉगचं नाही, बॉगच्या खालचं भूजल काढायला लागतो. ते भूजल बॉगला खालून आधार देत असतं. त्याचा दाब उतरला की बॉग वरून कितीही ओला दिसो, खाली बसायला लागतो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण तुमच्यापासून जवळच आहे, ऑफलीतला क्लारा बॉग. १९८० च्या दशकात तिथे चर मारून तयारी सुरू झाली होती, मग विरोध झाला, सरकारने बॉग ताब्यात घेतला, राखीव केला, पीट काढणं झालंच नाही. आयरिश आणि डच लोकांनी मिळून त्याचा इतका बारीक अभ्यास केला की पीटच्या पाण्यावर काम करणाऱ्या कुणालाही क्लारा माहीत नाही असं होत नाही. आणि तिथे काय सापडलं, तर पश्चिमेचा अर्धा भाग, ज्यात चर नव्हतेच, तोही खचत होता, कारण बॉगच्या बाहेर, कडेला, लोकांनी टर्फसाठी आणि शेतीसाठी मारलेले चर खालच्या मातीपर्यंत गेले होते आणि शेकडो मीटर आतल्या बॉगखालचा दाब त्यांनी उतरवला होता. म्हणजे संरक्षित जागेच्या हद्दीवर पाटी लावून पाण्याला काही फरक पडत नाही. कधी गेलात तर बोर्डवॉकवरून फिरून या, मधून जाणारा जुना रस्ता दोन्ही बाजूंच्या बॉगपेक्षा किती खाली बसलाय ते बघा.

तुमच्या चराचं काय चाललंय हे तुम्ही स्वतः तपासू शकता, फार खर्च नाही. कंडक्टिव्हिटी मीटर घ्या, पाण्यात क्षार किती ते विजेच्या वहनावरून दाखवतो, पेनासारखा मिळतो, ऑनलाइन स्वस्तात. निव्वळ बॉगचं पाणी म्हणजे पावसाचं पाणी, त्यात क्षार नसतात, मीटर १०० मायक्रोसीमेन्सच्या खाली दाखवेल, पीएच ४ ते साडेचारच्या आसपास. मिडलँड्सचं, म्हणजे तुमच्या मधल्या आयर्लंडचं, चुनखडीतलं भूजल ५०० ते ७०० दाखवतं, पीएच ७ च्या वर. आता कोरड्या आठवड्यात, पाऊस नसताना, चराच्या वरच्या टोकापासून खाली चालत या आणि थोड्या थोड्या अंतरावर मीटर बुडवत या. वर ८०-९० दाखवणारा मीटर एखाद्या जागी अचानक ३००-४०० वर गेला, तिथे चराचा तळ बघा, काळ्या पीटऐवजी फिकट करडी, चिकट माती दिसेल, कधी कधी त्यात बारीक शिंपलेही असतात, कारण बॉगच्या आधी तिथे तळं होतं. तिथून भूजल वर येतंय. हा चर नुसता पावसाचं पाणी नेत नाहीये, आजूबाजूच्या विहिरी, फेन, ओली कुरणं यांचं पाणीही खेचतोय. मला कुठल्याही साइटवर सगळ्यात आधी हेच बघायला आवडतं, नकाशे नंतर.

आता एक गैरसमज. "बॉग म्हणजे स्पंज, पावसाळ्यात पाणी शोषतो आणि उन्हाळ्यात सोडतो," हे पर्यटनाच्या पाट्यांपासून शाळेच्या पुस्तकांपर्यंत सगळीकडे आहे. चांगला बॉग बहुतेक वेळ काठोकाठ भरलेलाच असतो, पाण्याची पातळी पृष्ठभागापासून वीतभर खाली, मग जोराचा पाऊस आला की तो शोषणार कुठे? तो वरच्या वर सोडून देतो, फक्त मॉसच्या खरखरीत पृष्ठभागावरून हळू सोडतो. चर मारल्यावर उलट गंमत होते, वरचा थर रिकामा झाल्यामुळे छोट्या पावसाचं थोडं पाणी आत मुरतं, पण मुरलेलं आणि मोठ्या पावसाचं पाणी चरातून सरळ नदीत. शिवाय उघड्या काळ्या पीटवर झाडझाडोरा नसल्यामुळे झाडांवाटे हवेत जाणारं पाणी कमी होतं, म्हणून वर्षभराचा एकूण प्रवाह वाढतो. त्यामुळे "पीट काढल्याने पूर वाढला" किंवा "पूर कमी झाला" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर आधी विचारा, कुठला पूर, किती मोठा, चर किती जुने. या मुद्द्यावर मी दोन्ही बाजूंची भांडणं ऐकलीत आणि बहुतेक वेळा दोघं वेगवेगळ्या पावसाबद्दल बोलत असतात.

पाण्यातून काय जातं, हे तुमच्या तळ्याच्या दृष्टीने महत्त्वाचं. एक साधी बाटली भरून खिडकीत दोन दिवस ठेवा. तळाशी काळा-तपकिरी मऊ गाळ बसला तर ते पीटचे कण. वरचं पाणी तरीही तपकिरी राहिलं तर तो विरघळलेला सेंद्रिय कार्बन, म्हणजे ह्युमिक द्रव्यं. दोन्ही वेगळे प्रश्न आहेत, उपायही वेगळे.

गाळाचं बघू. पीटचा कण पाण्यापेक्षा जेमतेम जड, त्यामुळे तो वाळूसारखा खाली बसत नाही, तरंगत लांब जातो. आयर्लंडमध्ये मोठ्या बॉगच्या परवान्यांमध्ये बाहेर पडणाऱ्या पाण्यात तरंगता गाळ ३५ मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा जास्त नको अशी अट असायची आणि त्यासाठीच ते सिल्ट पाँड. पाँड वेळेवर उपसला तर मोठे कण अडतात, नाही उपसला तर पहिल्या मोठ्या पावसात साठलेलं सगळं उठून एकदम बाहेर जातं, म्हणजे पाँड नसता तर बरं झालं असतं अशी अवस्था. हा गाळ नदीच्या खडीत बसतो, जिथे ट्राउट आणि सॅमन अंडी घालतात, खडीतून वाहणारं पाणी अडतं आणि अंडी गुदमरतात. तळ्यात तो चराच्या तोंडाशी काळ्या पंख्यासारखा पसरतो. इनी नदी बघा, ती लॉक शीलिनमधून निघून डेराव्हॅरामधून पुढे लॉक रीमध्ये येते आणि तिच्या पाणलोटात पीट काढलेले बॉग भरपूर आहेत, तिथल्या गळवाल्यांची पीटच्या गाळाबद्दलची तक्रार खूप जुनी आहे. तुमच्याकडे नाव असेल तर चर जिथे तळ्याला मिळतो तिथे काठी टोचून बघा किती खोल जाते, आणि दोनशे मीटर बाजूला तेच करून बघा.

रंगाचा परिणाम जास्त चोरटा. मिडलँड्सची तळी चुनखडीची, मुळात स्वच्छ, त्यांच्या तळाशी कॅरा जातीचं शेवाळ वाढतं, ते उजेडावर जगतं. पाणी तपकिरी झालं की उजेड खोल जात नाही, कॅरा उथळाकडे सरकतं आणि मग काही ठिकाणी संपतं. कॅरा गेलं की तळाचा गाळ सैल होतो, आणि पाणी अजून गढूळ. शिवाय काळसर पाणी वरचं ऊन वरच शोषतं, उन्हाळ्यात वरचा थर गरम आणि खालचा थंड असे दोन भाग घट्ट होतात आणि खाली ऑक्सिजन कमी पडतो. इथे सिल्ट पाँड काहीही करू शकत नाही. विरघळलेलं द्रव्य बसतच नाही, ते पाँडमधून जसंच्या तसं बाहेर जातं. कंपन्यांच्या अहवालात "पाँड बसवले" असं लिहिलेलं असतं तेव्हा रंगाबद्दल काय लिहिलंय ते शोधा, बहुतेक वेळा काहीच नसतं.

तिसरा प्रकार दिसत नाही, अमोनिया. हजारो वर्षांच्या झाडपाल्यातला नायट्रोजन पीटमध्ये अडकलेला असतो, खालच्या हवा नसलेल्या थरात तो अमोनियमच्या रूपात साठतो आणि चर खोल गेला की पाण्याबरोबर बाहेर येतो. आम्लयुक्त पाण्यात त्याचं नायट्रेट व्हायचं कामही मंदावतं, म्हणून तो अमोनियम म्हणूनच नदीपर्यंत पोचतो. आयर्लंडमध्ये नदीचं पाणी "चांगलं" ठरायला अमोनियाची वर्षाची सरासरी ०.०६५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत लागते, म्हणजे केवढी कमी मर्यादा बघा, आणि उघड्या पीटचे चर ती सहज ओलांडतात. मिडलँड्समध्ये पीट काढण्याचा दबाव ज्या नद्यांवर नोंदला गेलाय तिथे गाळाच्या जोडीला अमोनियाचं नाव हमखास असतं. आसपास स्लरी (जनावरांच्या शेणमुताचं पातळ खत) टाकणारे शेतकरी असले तर दोघांचा अमोनिया एकत्र होतो आणि मग एकमेकांकडे बोट दाखवण्याचा कार्यक्रम सुरू.

आणि नमुना कधी घेतला, हे विचारायला कधीही विसरू नका. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी, सकाळी दहाला, कोरड्या हवेत बाटली भरली तर कुठलाही बॉग निर्दोष सुटतो. वर्षभरात जेवढं काही बाहेर जातं त्यातलं बरंचसं थोड्याच दिवसांत जातं, मोठा पाऊस, किंवा फिनलंडसारख्या ठिकाणी वसंतात बर्फ वितळतं ते आठवडे. सगळ्यात वाईट म्हणजे लांब कोरड्या उन्हाळ्यानंतरचा पहिला मोठा पाऊस. बघायचंच असेल तर त्या दिवशी रेनकोट घालून जा, फोटो काढा, तारीख-वेळ लिहून ठेवा, आणि वरच्या टोकाचा आणि खालचा असे दोन्ही नमुने घ्या, नुसत्या खालच्याला कुणी विचारत नाही.

फिनलंडचं नाव निघालंच तर तिथलं एक प्रकरण सांगतो. नॉर्थ करेलियात सेल्किए नावाचं गाव आहे, तिथून युकायोकी नदी जाते. वरच्या अंगाला लिन्नुनसुओ नावाच्या बॉगमध्ये व्हापो ही सरकारी मालकीची कंपनी पीट काढत होती. २०१० मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये नदीत मासे मेले, आणि ते आधी पाहिलं गावातल्या मासे पकडणाऱ्यांनी. झालं असं की पीटच्या खालच्या मातीत सल्फाइड होतं. पाण्याखाली आहे तोवर ते निवांत पडून असतं. पीट काढत काढत थर पातळ झाला, चर खाली पोचले, हवा लागली, आणि सल्फाइडचं सल्फ्युरिक आम्ल झालं. आम्लाने मातीतलं लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम सुटतं, ते माशांच्या कल्ल्यांवर बसतं, संपला विषय. आपल्याकडे कुट्टनाडच्या काळ्या "करी" जमिनीत शेतकरी ज्या आम्लाशी झगडतात त्यामागचं रसायन हेच. पुढे तिथल्या टेरो मुस्तोनेन यांच्या स्नोचेंज संस्थेने २०१७ मध्ये तो बॉग विकत घेतला, पाणी पुन्हा भरलं, आता तिथे पक्षी बघायला लोक जातात, आणि मुस्तोनेन यांना २०२३ चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. मला यातला पुरस्कारापेक्षा एक तांत्रिक मुद्दा महत्त्वाचा वाटतो, आम्लाचा धोका पीट संपत आल्यावर वाढतो. म्हणजे सुरुवातीची दहा-वीस वर्षं पाण्याचे अहवाल ठीक होते, यावरून शेवटच्या पाच वर्षांबद्दल काहीच कळत नाही.

नुसतं पीट काढण्यालाच धरून बसू नका हेही सांगायला हवं. ऑक्टोबर २००३ मध्ये गॉलवेतल्या डेरीब्रायनला पवनचक्क्यांसाठी डोंगरावरच्या पीटमध्ये खोदकाम चालू होतं, उतारावरचं पीट घसरलं, नदीत गेलं आणि सुमारे ५० हजार मासे मेले. तिथे कुणी पीटचं एक पोतंही विकणार नव्हतं. पर्यावरणाचा आढावा न घेतल्याबद्दल युरोपीय न्यायालयाने २०१९ मध्ये आयर्लंडला ५० लाख युरोचा दंड केला. फिनलंडमध्ये तर पीट उद्योगाचं क्षेत्र एकूण पाणथळ जमिनीच्या एक टक्क्याहूनही कमी, उलट वनशेतीसाठी चर मारलेली पीटची जमीन जवळपास ५० लाख हेक्टर. देशभराचा हिशोब केला तर तळ्यांच्या तपकिरी रंगात जंगलाच्या चरांचा हात फार मोठा आहे. पण हाच आकडा पीट कंपन्या ढालीसारखा वापरतात आणि तो मला पटत नाही. देशाच्या हिशोबात एक टक्का असणारा बॉग एखाद्या छोट्या तळ्याच्या हिशोबात शंभर टक्के असू शकतो. शिवाय युरोपात आम्लवर्षा कमी झाल्यापासून मातीतून ह्युमिक द्रव्यं जास्त सुटतात, त्यामुळे ज्या तळ्यांच्या वर एकही चर नाही तीसुद्धा गेल्या तीसेक वर्षांत गडद झालीत. तुमच्या चराशी तुलना करायला जवळचा एखादा चर नसलेला ओढा शोधा, नाहीतर दोष कुणाचा हे कळणार नाही.

आता बंद झालेल्या बॉगचं पुढे काय. काही ठिकाणी पंप लावून पाणी काढत होते, कारण पीट काढता काढता जमीन नदीच्या पातळीच्या खाली गेली होती, तिथे पंप बंद केला की सरळ तळं होतं, ऑफलीतलं लॉक बूरा बघा. बाकी ठिकाणी चर बुजवून पाणी अडवायचं. आयरिश सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये बोर्ड ना मोनाच्या ३३ हजार हेक्टरसाठी १० कोटी ८० लाख युरो मंजूर केले, ते काम त्यानंतर सुरू झालं. पण चर बुजवले की दुसऱ्या दिवशी पाणी नितळ, असं होत नाही. वर्षानुवर्षं हवेत कुजलेला वरचा थर परत पाण्याखाली गेला की त्यातून सुरुवातीला रंग, अमोनिया, आणि लोखंडाला चिकटलेला फॉस्फरस उलट जास्त सुटतो. पहिली दोन-तीन वर्षं आकडे बिघडलेले दिसू शकतात, मग झाडोरा धरतो आणि उतरतात. शेजारी यावरून भडकतात आणि "बघा, बुजवून वाटोळं केलं" म्हणतात. त्यांना सांगायचं की गाळ मात्र लगेच कमी झाला का ते बघा, कारण तो लगेच कमी व्हायला हवा, नाही झाला तर बांध नीट घातलेले नाहीत. आणि जिथे पीट फूटभरच उरलंय आणि खालून चुनखडीचं पाणी येतंय तिथे मॉसचा बॉग परत येणार नाही, बोरू, लव्हाळा, बर्चची झाडं, फेनसारखं काहीतरी येईल. तेही पाण्याच्या दृष्टीने उघड्या काळ्या जमिनीपेक्षा कितीतरी बरं.

तुमच्या बोअरबद्दल. खोल बोअर चुनखडीत असेल आणि वरचं केसिंग नीट सील असेल तर चराचं पाणी थेट यायचं कारण नाही. उथळ विहीर असेल तर पातळीही उतरू शकते आणि रंगही येऊ शकतो. लॅबमध्ये कॉलिफॉर्म (सांडपाण्याची चाहूल देणारे जंतू) तर कराच, पण त्याबरोबर रंग, लोखंड, मँगनीज आणि अमोनियम मागा, नुसतं "स्टँडर्ड टेस्ट" म्हटलं तर यातलं अर्धं सुटतं. पिण्याच्या पाण्यात अमोनियमची मर्यादा ०.३ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. यूव्हीचा दिवा लावला असेल तर एक लक्षात घ्या, तपकिरी पाण्यातून अतिनील किरण नीट आरपार जात नाहीत, दिवा हिरवा सिग्नल दाखवत राहू शकतो आणि सगळे जंतू मरतीलच असं नाही, म्हणून रंग आधी काढायचा, दिवा नंतर. आणि रंग असलेल्या पाण्यात घरच्या घरी क्लोरीन टाकू नका, ह्युमिक द्रव्यं आणि क्लोरीन मिळून ट्रायहॅलोमिथेन नावाची नको असलेली रसायनं तयार होतात. याच ट्रायहॅलोमिथेनवरून जानेवारी २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने आयर्लंडच्या विरोधात निकाल दिला, सार्वजनिक पुरवठ्याच्या कितीतरी ठिकाणी १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा पाळली जात नव्हती. म्हणजे मोठमोठे प्लांट असूनही जे जमत नाही ते तुम्ही बादलीत करायला जाऊ नका.

राहता राहिला तुमचा भाऊ. आयर्लंडमध्ये २०१९ च्या न्यायालयीन निकालानंतर मोठ्या प्रमाणावर पीट काढायला परवानग्यांची अडचण झाली, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ड्रोहेडा बंदरात लॅटव्हियाहून ३६०० टन पीटचं जहाज उतरलं, बागायतदारांसाठी. पीटच्या देशात बाहेरून पीट! पाण्याचं नुकसान थांबलं नाही, त्याने पत्ता बदलला, लॅटव्हियातले चर, तिथल्या नद्या. भावाच्या पोत्यामागेही तसाच कुठलातरी चर आहे. तळेगावच्या रोपवाटिकेत प्लग ट्रेसाठी (रोपं उगवायचे खाचांचे ट्रे) कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आरामात चालतं, महाराष्ट्रात बहुतेक जण तेच वापरतात, त्यामुळे माझं मत विचाराल तर पीट मॉसची गरज नाही, आम्ल माती लागणाऱ्या ब्लूबेरीसारख्या पिकांची गोष्ट वेगळी. पण कोकोपीटही पाण्याच्या बाबतीत सोवळं नाही, पोल्लाचीच्या बाजूला काथ्याचा भुसा धुतलेल्या खारट, तपकिरी पाण्याने विहिरी खराब झाल्याच्या तक्रारी आहेत. त्याला सांगा, धुतलेलं आणि बफर केलेलं (कॅल्शियमने प्रक्रिया केलेलं), कमी ईसीचं, म्हणजे कमी कंडक्टिव्हिटीचं, कोकोपीट माग, सप्लायरला धुण्याचं पाणी कुठे सोडतोस ते विचार, आणि कोकोपीटच्या स्वस्त, न धुतलेल्या विटा आणून स्वतःच्या शेतात धूत बसू नकोस, ते मीठ शेवटी त्याच्याच विहिरीत उतरेल. तुम्ही मीटर घेणारच असाल तर दोन घ्या, एक त्याला पाठवा, कोकोपीटचा ईसी बघायला तोच चालतो.